डावीकडे वाहणारा वारा

३ फेब्रुवारी, रविवार
खारूला विज्ञानात चाळीसपैकी नऊ. शुक्रवारीच कळलं होतं म्हणे. मला आज सांगण्यात आलं, तेही मी दाढी करत असताना.

माझी मुलगी. माझी! एकोणीस वर्षं मी वजनमापं तपासतोय. माझा शिक्का असल्याशिवाय या शहरातला एकही काटा किलोभर साखर तोलू शकत नाही. आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीला गुरुत्वाकर्षण येत नाही. परीक्षेआधी आठवडाभर रोज संध्याकाळी मी स्वतः तिचा अभ्यास घेतला होता, तरी!

दोष उघड आहे. शाळेचा. बाई फळ्यावर शिकवतात. फळ्यावर कसलं आलंय गुरुत्वाकर्षण?

उपाय तोंड धुता धुताच सुचला. धनुष्यबाण. ताण, वेग, घर्षण, गुरुत्वाकर्षण, सगळं एका दोरीत. वर मोकळी हवा फुकट. शिवाय मला पहिल्यापासून नेम आहे. कॉलेजात शेवटच्या बाकावरून खडू मारायचो, एकदाही चुकला नाही. एकदा चुकला, पण तेव्हा सर मध्ये आले.

बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचे साइड इफेक्ट आधी वाचते. म्हणाली, आधी तू शिक, मग पोरांना शिकव. मी म्हटलं, शिकवता शिकवताच माणूस शिकतो. ती म्हणाली, हो ना, पोहायला असंच शिकवायला गेला होतास. मी पेपर उघडला.

संकल्प: दर रविवारी सकाळी सात. कारणं चालणार नाहीत. खालच्या मजल्यावरून ताईची जुळी पोरंही घेणार. (ताईला विचारलं तर माझं वाक्य संपायच्या आत तिनं त्यांचे बूट बाहेर काढून ठेवले.) पुढच्या परीक्षेत चाळीसपैकी छत्तीस. चाळीस म्हटलं तर लोकांना संशय येतो.

७ फेब्रुवारी, गुरुवार
खेळाच्या दुकानात गेलो. तीन लहान धनुष्यं, एक मोठं, दोन डझन बाण. दुकानदार फार बोलका. विचारतो, साहेब, तुमचा जोरदार डोळा कुठला? म्हटलं, दोन्ही. म्हणाला, तसं नसतं, एक डोळा मुख्य असतो, बघू या का? मी त्याला म्हटलं, बाबा रे, या डोळ्यांनी मी पाव ग्रॅमचा फरक पकडतो. गप्प बसला. मग माझी नजर त्याच्या काउंटरवरच्या काट्याकडे गेली आणि तो आणखी गप्प बसला.

मोठ्या धनुष्याबरोबर माहितीपुस्तक आलंय. माळ्यावर ठेवलं. सापडलं पाहिजे असं नाही, पण असावं घरात.

१० फेब्रुवारी, रविवार. दुपार
पहिला तास! यशस्वी.

जागा: पंपहाऊसमागचं मैदान. मागे मातीचा उंच बांध, त्यामुळे धोका नाही. सुतारानं केलेल्या घोडीवर पेंढ्यानं भरलेलं पोतं, पोत्यावर रंगीत वर्तुळांचा कागद, मधलं वर्तुळ पिवळं, त्याबाहेर लाल. पंपवाल्यानं परवानगी दिली. त्याला कामच नाही, दारात खुर्ची टाकून आमच्याकडेच बघत होता.

आधी थिअरी. पन्नास मिनिटं. सोप्या शब्दांत: दोरी ताणली की बाणात जोर भरतो. जोर आहे तोवर बाण सरळ जातो. जोर संपला की खाली पडतो. जड वस्तू लवकर पडते, हलकी उशिरा. झालं विज्ञान! थोरला जुळा मुंग्या मोजत होता. धाकटा जुळा बसल्या बसल्या झोपला. (दोघं दहा वर्षांचे. सात मिनिटांचा फरक. थोरला त्या सात मिनिटांच्या जोरावर जगतो.) खारूनं मात्र हात वर केला. बाबा, मग बाण सुटल्या सुटल्या खाली यायला लागतो, की जोर संपल्यावर एकदम? मी म्हटलं, आधी लिहून घ्यायचं असतं, शंका नंतर. तिनं हात खाली घेतला. शिस्त हळूहळू येतेय.

मग प्रात्यक्षिक. सहा बाण सोडले. सहाही डावीकडून गेले. डावीकडे वाहणारा वारा जबरदस्त होता. पंपवाला तिथूनच ओरडला की वारा नाहीये. दारात बसून त्याला काय कळणार?

पोरांचेही झाले. तिघांचेही दोन-दोन बाण पोत्यात घुसले. नवशिक्यांचं असंच असतं, लागून जातं. त्यांना सांगितलं, हुरळून जाऊ नका.

१२ फेब्रुवारी
डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कोपरापर्यंत काळंनिळं. दोरीचा फटका. बायकोनं मलम लावलं आणि विचारलं की धनुष्याबरोबर एक चामड्याचा पट्टा होता तो कुठंय. तो हाताला बांधायचा असतो म्हणे. मला वाटलं पॅकिंगचा आहे. टाकला.

खारूनं चौकटीची वही मागितली. आपणहून! विज्ञानासाठी! मी दोन आणल्या. गुरूचा परिणाम दिसायला वेळ लागतो, पण दिसतो.

१७ फेब्रुवारी, रविवार
आज बाणांऐवजी गुरुत्वाकर्षण. ऑफिसातून पितळी वजनं आणली होती. एक किलोचं आणि शंभर ग्रॅमचं. पंपहाऊसच्या लोखंडी जिन्यावरून जुळ्यांनी एकदम सोडायची, जड आधी पोचणार, पोरं थक्क होणार.

दोन्ही एकदम पोचली.

म्हटलं, पुन्हा. पुन्हा एकदम. थोरल्या जुळ्यानं विचारलं, मामा, किलो का जिंकलं नाही? मी समजावलं की किलोचं वजन सोडताना त्याचा हात कचरतोय. मग मी स्वतः वर गेलो. मी सोडली तेव्हाही एकदम. खालची जमीन सपाट नाही, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. चौथ्या वेळी किलोचं वजन पायरीच्या कडेला आपटलं आणि त्याचा कपचा उडाला. वर्ग लवकर सोडला.

खारू जिन्याखाली बसून लिहीत होती. म्हटलं, काय लिहितेस? म्हणाली, जे झालं ते. म्हटलं, जे व्हायला हवं होतं तेही लिही. ती म्हणाली, ते तू सांगितलेलं आधीच्या पानावर आहे.

हुशार आहे. माझ्यावर गेली आहे.

१८ फेब्रुवारी, सोमवार
किलोचं वजन आता नऊशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम भरतं. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. ‘नैसर्गिक झीज’ असं लिहून दिलं. साहेब म्हणाले, एका रविवारात एवढी झीज करणारा निसर्ग मला एकदा दाखवा.

२४ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा डावीकडे. अठरापैकी सतरा. एक पोत्याला लागला, पण तो जमिनीवरून उसळून.

खारूची सूचना: टार्गेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवू, म्हणजे तोंड उलट्या बाजूला होईल. वारा असेल तर मग बाण उजवीकडे गेले पाहिजेत. सूचना बालिश होती, पण मुलांना वाव द्यावा. घोडी उचलून पलीकडे नेली. (ती बाजूही तशी मोकळीच आहे, नुसती झुडपं.)

बाण डावीकडेच गेले. म्हणजे मधल्या दहा मिनिटांत वारा फिरला. इतका बेभरवशाचा वारा मी आयुष्यात पाहिला नाही. खारूनं काठीला लोकरीचा धागा बांधून जमिनीत रोवला. धागा सरळ खाली लोंबत होता. मी सांगितलं, लोकर जड असते.

एक बाण पंपवाल्याच्या सायकलच्या मागच्या टायरमध्ये गेला. सायकल डावीकडे भिंतीला टेकून होती. पंक्चर मी काढून दिलं. त्यानंतर त्यानं सायकल टार्गेटच्या बरोबर पाठीमागे नेऊन लावली. विचारलं तर म्हणाला, साहेब, सगळ्यात सुरक्षित जागा तीच. अडाणी माणूस. पण रागावलो नाही.

घरी निघताना खारू म्हणाली, बाबा, दोन्ही तळहातांच्या फटीतून त्या पाण्याच्या टाकीकडे बघ, आणि मग एक एक डोळा मीट. मी म्हटलं, खेळायची ही वेळ नाही, आधी बाण गोळा कर. जुळ्यांनी मात्र तिच्यासारखं करून पाहिलं. पोरांचं लक्ष फार पटकन विचलित होतं.

२ मार्च, शनिवार
घरी कोणी नाही. गुपचूप सराव. कपाटावर उशी ठेवली, समोरच्या खोलीच्या दारातून बाण मारला.

संध्याकाळी बायकोनं विचारलं की कपाटाच्या डाव्या दाराला भोक कसं पडलं. वाळवी, म्हटलं. ती म्हणाली, कपाट पत्र्याचं आहे.

१० मार्च, रविवार
आनंदाची बातमी! शाळेत तेवीस तारखेला विज्ञान प्रदर्शन. खारूचा प्रकल्प निवडला गेलाय. जुळेही त्याच शाळेत, तेही तिच्या गटात. विज्ञानाच्या बाईंनी चिठ्ठीत लिहिलंय: ‘आपल्या धनुर्विद्येच्या वर्गामुळे हा विषय सुचला. आपण अवश्य यावे. आपली उपस्थिती प्रकल्पासाठी आवश्यक आहे.’

आवश्यक! शब्द बघा. ज्या बाई नऊ मार्क देतात, त्याच.

मी शांत राहिलो. फक्त ताईला, सुताराला, शेजारच्या दोन्ही घरांत सांगितलं, आणि उद्या ऑफिसात सांगेन.

संध्याकाळी खारू माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, बाबा, आम्ही प्रकल्पात तुझा उपयोग करून घेतला तर चालेल का? बारा वर्षांत पहिल्यांदा पोरीनं असं काही विचारलं. थोरल्या जुळ्यानं एक कागद पुढे केला. संमतीपत्र. म्हणाला, बाईंना लेखी लागतं. वाचतोस का, असं खारूनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, आपल्याच माणसांचं काय वाचायचं? सही ठोकली. खाली शिक्काही मारला.

१७ मार्च, रविवार
आज पोरांनी माझ्याकडून साठ बाण मारून घेतले. सकाळी तीस, चहानंतर तीस. दहा टोपी घालून, दहा टोपी काढून. दहा उभ्यानं, दहा गुडघ्यावर. तिघं ओळीनं बसली होती. धाकटा जुळा टेपनं मोजायचा, थोरला ओरडून सांगायचा, खारू लिहायची. एकही पोर झोपलं नाही. मी मध्ये मध्ये घर्षणावर बोलू लागलो तर खारू म्हणाली, बाबा, बोलू नकोस, बोलल्यावर किती फरक पडतो तेही आम्ही मागच्या वेळी मोजलंय.

बघून शिकणं ते हेच. जाणकाराच्या हालचाली टिपून घेतायत. नेम लागतो की नाही हा मुद्दाच नाही.

(नाही लागला.)

२० मार्च
खांदा धरलाय. तरी भाषणाची तयारी जोरात. आरशासमोर म्हटलं. अडतीस मिनिटं. ‘शिक्षणाची दोरी ताणा, पण तोडू नका’ इथे टाळ्यांसाठी थांबायचं. बायको इस्त्री करत होती. तिनं विचारलं, तुला बोलायला सांगितलंय कोणी? मी म्हटलं, काही गोष्टी गृहीत असतात. ती काहीतरी बोलणार होती, मग शर्टच्या कॉलरकडे बघत राहिली.

आता वाटतं, तिला माहीत होतं.

ही वरची ओळ आज तेवीसला लिहिली.

२३ मार्च, शनिवार
क्रमानं लिहितो. क्रमानं लिहिलं की माणूस शांत राहतो.

दहाला शाळेत पोचलो. इस्त्रीचा शर्ट, खिशात भाषण. हॉलभर टेबलं. ज्वालामुखी, बॅटरीवर फिरणारे पंखे, मातीच्या थरांच्या बरण्या. खारूचं टेबल कोपऱ्यात, पण गर्दी तिथेच. पोरं आत कुठेतरी होती. मी मागे उभं राहून फलक वाचला.

‘एक माणूस नेहमी डावीकडेच का चुकतो?’

खाली आलेख. पाच रविवार, एकशे बासष्ट बाण. डावीकडे एकशे शेहेचाळीस. वारा असताना, नसताना. मैदानाच्या या टोकाला, त्या टोकाला. टोपी, चहा, भाषण. ‘व्यक्ती क्रमांक एक. वय शेहेचाळीस. उजव्या हातानं धनुष्य ओढते. डावा डोळा मुख्य. दोन्ही डोळे उघडे ठेवते. त्यामुळे डोळ्याची रेघ एक आणि बाणाची रेघ दुसरी.’

खरं सांगतो, मला वाटलं, कोण बिचारा आहे. शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्यांना मी म्हटलंदेखील, एवढी साधी गोष्ट त्या माणसाला कोणी सांगितली कशी नाही? त्या म्हणाल्या, शेवटची ओळ वाचा.

‘टीप: व्यक्ती क्रमांक एकला हे सहा वेळा सांगण्याचा प्रयत्न केला. तारखा शेजारी दिल्या आहेत.’

तारखा वाचल्या. रविवार होते.

खाली काचेच्या कपाटात माझं संमतीपत्र. माझा शिक्का. काचेखाली फार ठळक दिसत होता.

त्या बाई म्हणजे विज्ञानाच्या बाई. हसल्या नाहीत, हे लिहून ठेवलं पाहिजे. बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, तुमच्या मुलीनं फार चांगलं काम केलंय. मी म्हटलं, हो, पद्धत माझी. (म्हणालो असं. तेव्हाही म्हणालो.) त्या म्हणाल्या, मागच्या परीक्षेनंतर मी तिला विचारलं होतं की ही उत्तरं कुठून आणलीस. पुस्तकात तर नाहीत. ती सांगेना. शेवटी म्हणाली, बाबांनी सांगितलीत, आणि बाबांना चूक म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. मग मी तिला म्हटलं, चूक म्हणू नकोस, वादही घालू नकोस. नुसतं मोजत जा.

खिशातलं भाषण मी आणखी आत ढकललं.

मग प्रात्यक्षिक. ‘आवश्यक उपस्थिती’ ती ही. शाळेच्या मागच्या पटांगणात टार्गेट, भोवती दोरी, पालक, पोरं, शिपाई, सगळे. खारू माझ्यासमोर उभी. हातात रुमाल. मला म्हणाली, बाबा, नाही म्हणालास तरी चालेल, आम्ही आलेखावर भागवू. सगळ्यांसमोर नाही, अगदी कानाशी. तिचे हात गार होते. मला वाटलं तिला गंमत वाटत असेल. तिला भीती वाटत होती. माझी. माझ्या चेहऱ्याची.

बांध, म्हटलं.

तिनं माझा डावा डोळा बांधला. दोरी ओढली. सोडली.

पिवळ्यात. अगदी मधोमध नाही, पण पिवळ्यात. दुसरा लालात. तिसरा पुन्हा पिवळ्यात.

केवढ्या टाळ्या! इतक्या टाळ्या माझ्यासमोर कधी वाजल्या नव्हत्या. रुमाल वर सरकवून बघितलं. सगळे खारूकडे बघत होते. जुळे एकमेकांच्या पाठीवर गुद्दे मारत होते. बायको मागच्या रांगेत होती. दुकानातून सुट्टी घेऊन आली होती, मला न सांगता. ती तेवढी माझ्याकडे बघत होती.

पहिलं बक्षीस. ज्वालामुखीला दुसरं.

२४ मार्च, रविवार
खांदा दुखतोय. मैदानावर गेलो नाही. पोरं गेली.

२५ मार्च
ऑफिसात साहेबांनी विचारलं, भाषण कसं झालं? म्हटलं, छान, थोडक्यात आटपलं.

२७ मार्च, बुधवार
खारूची जुनी उत्तरपत्रिका टेबलाच्या खणात होती. काढली. तोवर पाहिलीच नव्हती, मार्कांचा आकडा तेवढा ऐकला होता.

प्रश्न चौथा. फेकलेला दगड खाली का येतो? ‘कारण त्यातला जोर संपतो.’ प्रश्न पाचवा. ‘जड वस्तू लवकर पडते, कारण तिला घाई असते.’ घाई असते, हे मी गंमत म्हणून सांगितलं होतं. तिनं ते सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, खाली पट्टीनं रेघ मारून. प्रश्न सातवाही माझाच. आठवाही. नववा मात्र पुस्तकातला. तो बरोबर होता.

बाईंनी लाल पेनानं काट मारली होती. मी रोज दुकानदारांच्या वजनांवर मारतो तशीच.

पत्रिका होती तशी ठेवली. खण नीट बंद होत नव्हता, दोनदा ढकलला.

३१ मार्च, रविवार. सकाळ
साडेसातला गेलो. मला बोलावलं होतं असं नाही. येऊ नकोस असंही कोणी म्हटलं नव्हतं.

पोरं आधीच आली होती. आता शाळेतल्या आणखी चार मुली येतात. खारू त्यांना पाय कसे ठेवायचे ते दाखवत होती. तीन मिनिटांत दाखवून झालं, लगेच पहिला बाण सुटला. मी बांधापाशी गेलो आणि शिट्टी झाली की बाण गोळा करून आणायचं काम घेतलं. मागितलं नाही, नुसतं करायला लागलो. पंपवाल्यानं आतून दुसरी खुर्ची आणून ठेवली. बसलो नाही, पण बरं वाटलं.

नऊच्या सुमारास खारू बायकोचा मोबाइल घेऊन आली. बाणाचं चित्रीकरण केलं होतं, हळू चालवून बघितलं. बाण सरळ जात नव्हता. सुटल्या सुटल्या माशासारखा वळवळत होता. डावीकडे वाकायचा, उजवीकडे वाकायचा, आणि तरी जाऊन बरोबर लागायचा. तिनं विचारलं, बाबा, असा का वळवळतो?

तीन उत्तरं लगेच तोंडाशी आली. लाकूड ओलं असेल. पिसांचा दोष. वारा. तिन्ही चांगली होती. वारा जरा जास्तच चांगला होता.

मुली वाट बघत उभ्या होत्या.

माहीत नाही, म्हटलं.

खारूनं खिशातून पेन काढून वहीत काहीतरी लिहिलं. विचारलं, काय लिहिलंस? म्हणाली, तारीख.